दप्तराचे मीठ : परक्या सत्तेचे कागद आणि इतिहासकाराची बांधिलकी

१

पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ साली प्रसिद्ध केला. ‘पोर्तुगेजांच्या दप्तरातील मराठ्यांचा इतिहास’ असे त्याचे दुसरे नाव आहे. या नावात दोन षष्ठ्या आहेत. दप्तर एकाचे, इतिहास दुसऱ्याचा. आणि या दोन स्वामित्वांना सांधणारा शब्द आहे ‘दप्तरातील’. इतिहास जणू तेथे आधीच होता आणि संशोधकाने तो केवळ बाहेर काढला, असे हा शब्द सुचवतो. पण जो इतिहास एकाच्या दप्तरात असतो तो दुसऱ्याचा कोणत्या अर्थाने असतो? आणि त्या दप्तराची राखण करण्यासाठी त्याच सत्तेचे वेतन घेणारा अभ्यासक नेमका कोणाचा?

यांतील पहिला प्रश्न ज्ञानमीमांसेचा आहे आणि त्याची चर्चा भरपूर झाली आहे. दुसरा नीतीचा आहे. त्याची चर्चा सहसा टाळली जाते. ती टाळण्याचे दोन मार्ग रूढ आहेत. कागद हा कागद असतो, तो कोणी लिहिला याला महत्त्व नाही, ताडून पाहिला की सत्य हाती येते, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष याच्या नेमका उलट बोलतो. रणजित गुहा यांनी १९८३ साली शेतकऱ्यांच्या उठावांविषयीच्या सरकारी कागदांचे जे विश्लेषण केले, त्याच्या प्रभावाखाली सत्तेचा प्रत्येक कागद हा सत्तेचेच संभाषण ठरतो. तो लिहिताना वापरलेली नामे, क्रियापदे, विशेषणे हीच मुळात बंदोबस्ताची हत्यारे असतात. दोन्ही पक्षांना आपापले बळ आहे. मात्र दोघेही एका बाबतीत सारखेच वागतात : इतिहासकार नावाच्या माणसाला ते चित्रातून वगळतात. पहिल्या पक्षाच्या लेखी तो पारदर्शक भिंग आहे. दुसऱ्याच्या लेखी तो संभाषणाचे एक स्थान आहे. भिंगाला कर्तव्य नसते आणि स्थानाला सदसद्विवेक नसतो. प्रत्यक्षात मात्र दप्तरखान्यात बसलेला माणूस रोज निवड करीत असतो. कोणता कागद आधी छापावा, कोणत्या भाषेत लिहावे, कोठे बोलावे आणि कोठे गप्प बसावे, हे त्यालाच ठरवायचे असते.

२

गोव्याच्या दप्तरखान्याचा जन्मच या प्रश्नाच्या पोटी झाला आहे. १५८० ते १६४० या साठ वर्षांत पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या हाब्सबुर्ग राजांच्या मस्तकी होता. मेक्सिको, पेरू आणि गोवा यांचा स्वामी त्या काळात एकच होता. १५९५ साली याच दुसऱ्या फिलिपच्या आज्ञेने गोव्यात राज्याचे अभिलेखागार स्थापन झाले आणि दियोगु दु कोत हा त्याचा पहिला रक्षक नेमला गेला. स्पॅनिश साम्राज्याच्या इतिहासाची साधने पुढे १७८५ साली सेव्हिल येथील ‘इंडिजच्या’ अभिलेखागारात एकवटली गेली, हे जगभरच्या अभ्यासकांना परिचित आहे. पण साम्राज्य चालवायचे तर आठवणींवर पहारा बसवावा लागतो, ही जाण त्याच राजघराण्याच्या कारकिर्दीत गोव्यात जवळजवळ दोन शतके आधी कृतीत उतरली होती, इकडे सहसा लक्ष जात नाही.

कोत हा राजाचा पगारी इतिहासकार होता. पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील पराक्रमाची बखर पुढे चालवणे हे त्याचे नेमून दिलेले काम होते आणि ते त्याने केले. पण त्याच हाताने त्याने आणखी एक ग्रंथ लिहिला. एका अनुभवी शिपायाच्या तोंडून हिंदुस्थानातील पोर्तुगीज अधिकाऱ्यांची लाचखोरी, शिपायांची उपासमार आणि न्यायाचा बाजार यांचे वाभाडे काढणारा हा संवाद कोतच्या हयातीत छापला गेला नाही. कोत १६१६ साली वारला. ग्रंथ लिस्बनच्या विज्ञान अकादमीने १७९० साली छापला. तोवर ज्या साम्राज्याचे आजार त्यात सांगितले होते त्याचा पूर्वेकडील बराचसा देह गळून पडला होता.

हे उदाहरण दोन कारणांसाठी विचारात घेण्यासारखे आहे. मीठ खाणारा माणूस खरे लिहू शकतो, हे त्यातून सिद्ध होते. पण लिहिणे आणि वेळेवर बोलणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हेही त्यातूनच दिसते. पावणेदोनशे वर्षे उशिरा पोचलेले सत्य इतिहासाच्या कामी येते. ज्या शिपायाचा पगार बुडाला त्याच्या कामी येत नाही.

कोतनंतर अडीचशे वर्षांनी आलेला कुन्य रिवार हा याच परंपरेतला. १८५५ साली तो गोवा सरकारचा मुख्य सचिव म्हणून आला, जुने दस्तऐवज खंडाखंडांनी छापू लागला आणि कोकणी भाषेच्या इतिहासावरील आपल्या निबंधात त्याने स्वतःच्याच राज्याने व धर्मसंस्थेने या भाषेची कशी गळचेपी केली ते मांडले. स्थानिक भाषेविरुद्धचे १६८४ सालचे फर्मान हा त्या कहाणीतला कळीचा कागद. राज्यकर्त्यांपैकीच एकाने राज्यकर्त्यांच्या कागदांतून राज्याविरुद्ध साक्ष काढली. तथापि त्याचे धाडस आणि एखाद्या जित प्रजाजनाचे धाडस एका तराजूत घालता येत नाही. राज्यकर्त्याची आत्मटीका ही उदारता ठरते. प्रजेची टीका हा राजद्रोह ठरतो.

३

पिसुर्लेकरांचा जन्म १८९४ सालचा, गोव्यातील सत्तरी महालातल्या पिसुर्ले गावचा. हा प्रदेश नव्या काबिजादींपैकी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांच्या ताब्यात आलेल्या या मुलखात मराठीची परंपरा जिती होती. शेणवी घराण्यातल्या या मुलाचे आरंभीचे शिक्षण मराठीत झाले. पोर्तुगीज ही त्याने मागाहून कमावलेली भाषा. त्याच कमावलेल्या भाषेत पुढे त्यांनी आपले जवळजवळ सर्व महत्त्वाचे लेखन केले. गोव्याच्या ऐतिहासिक अभिलेखागाराची सूत्रे १९६१पर्यंत सुमारे तीन दशके त्यांच्याकडे होती.

या कारकिर्दीचे फळ मोजदाद करून सांगण्याजोगे आहे. किल्ल्यांच्या कारभाराचे नियमग्रंथ १९५१मध्ये, पोर्तुगीज मुत्सद्देगिरीच्या हिंदी हस्तकांवरील ग्रंथ १९५२मध्ये, राज्यमंडळाच्या १६१८ ते १७५० या काळातील ठरावांचे पाच खंड १९५३ ते १९५७ या वर्षांत, आणि पोर्तुगीज हिंदुस्थानातील अभिलेखागारांची मार्गदर्शिका १९५५मध्ये. याखेरीज मराठ्यांवरील लेखमाला होतीच. तिच्यातूनच आरंभी उल्लेखिलेला मराठी ग्रंथ सिद्ध झाला.

यांतील १९५२चा ग्रंथ नीतीच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. विषय वरकरणी राजनिष्ठ : पोर्तुगालची पूर्वेकडील मुत्सद्देगिरी. पण ग्रंथाच्या नावातच हिंदू, मुसलमान, ज्यू आणि पारशी यांची नोंद आहे. ज्या राज्याने १५६० साली धर्मन्यायालय आणले आणि हिंदूंवर पिढ्यान्‌पिढ्या निर्बंध लादले, त्या राज्याचे परराष्ट्र व्यवहार हिंदू दुभाषे आणि वकील यांच्या जिभेवाचून चालू शकत नव्हते. शिवाजीमहाराजांशी वाटाघाटी करण्यासाठी पोर्तुगीजांनी पाठवलेल्या माणसांत रामजी शेणवी कोठारी होते. ‘राज्याची जीभ’ अशा अर्थाचे पदनाम दुभाष्याला होते. म्हणजे जी जीभ सरकारी दरबारात चालत असे ती ज्यांची देवळे पाडली गेली त्यांची होती. या विसंगतीवर पिसुर्लेकर प्रवचन झोडत नाहीत. ते कागद एकापुढे एक ठेवतात. परिणाम मात्र असा होतो, की साम्राज्याचे कर्तेपण हळूहळू त्याच्या हातून सुटते आणि त्याच्या नोकरांच्या हाती जाते.

येथे लेखक आणि त्याचे पात्र यांच्यातील साम्य लपत नाही. पिसुर्लेकर स्वतःही एका अर्थाने राज्याचे दुभाषेच होते. दुभाष्याची नीती ही वकिलाच्या किंवा न्यायाधीशाच्या नीतीहून वेगळी असते. वकिलाने एक बाजू घ्यायची असते, न्यायाधीशाने दोन्ही बाजूंवर बसायचे असते. दुभाष्याने दोन्ही बाजूंत उभे राहायचे असते आणि दोघांनीही त्याच्यावर विश्वास ठेवावा व संशयही घ्यावा, अशी त्याची स्थिती असते. त्याची निष्ठा धन्याशी की बोलण्याशी, हा प्रश्न त्याच्या धंद्यातच आहे. चांगला दुभाषा धन्याचे मीठ खातो, पण धन्याला सोयीचे भाषांतर देत नाही. पिसुर्लेकरांची थोरवी या अवघड कसोटीवर तपासली पाहिजे.

४

ही तपासणी करण्यास मालवणचा किनारा हे योग्य स्थळ आहे. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा, म्हणजे जुन्या मांडणीतील कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ले आणि मालवण, हा गोव्याच्या सीमेला भिडलेला. गोव्याच्या दप्तरात ‘शेजारी राजांची पुस्तके’ असा एक वर्गच आहे आणि या किनाऱ्याची वहिवाट त्यात येते. शेजारी हा शब्द निरुपद्रवी दिसतो. पण शेजारी ठरवण्यासाठी घर कोणाचे ते आधी ठरावे लागते. तेरेखोलचा किल्ला खाडीच्या उत्तर काठावर, म्हणजे भूगोलाने या बाजूस आहे आणि राज्याने त्या बाजूस. एवढ्यावरूनही ही ‘शेजार’ची रेषा कशी ओढली गेली याची कल्पना येईल.

समुद्रावर तर शब्दच लढाई करतात. पोर्तुगीज आणि पुढे इंग्रज यांच्या कागदांत या किनाऱ्यावरचे दर्यावर्दी वारंवार ‘चाचे’ म्हणून येतात. इंग्रजी लिखाणात ‘मालवण’ या गावाचे नावच चाच्यांच्या एका जातीचे नाव होऊन बसले. आता चाचेगिरी ही स्वयंभू वस्तू नाही. समुद्र कोणाच्या तरी मालकीचा आहे असे मानल्यावरच त्यावर विनापरवाना हिंडणारा गुन्हेगार होतो. पोर्तुगीजांनी परवान्याची, म्हणजे कर्ताझची पद्धत आणली. कर्ताझ न घेता निघालेले तारू पकडणे हा कायदा झाला आणि पकडणाऱ्याला अडवणे हा दरोडा. याच मालकीच्या दाव्याला हॉलंडच्या ह्यूगो ग्रोशियसने १६०९ साली ‘मुक्त समुद्रा’चा सिद्धान्त मांडून आव्हान दिले, पण तेही डचांनी एक पोर्तुगीज जहाज पकडल्याच्या समर्थनार्थ. तत्त्वज्ञानालाही येथे मीठ लागलेले आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी सुरू झाली तेव्हा या शब्दकोशाला दगडात उत्तर मिळाले. इंग्रजांनी १७६५ साली तो किल्ला घेतला तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट केली ती नाव बदलण्याची. ‘फोर्ट ऑगस्टस’ हे नाव पुढे टिकले नाही, कारण पुढच्याच वर्षी किल्ला कोल्हापूरकरांना परत द्यावा लागला.

म्हणजे सत्तेच्या कागदातील नामे ही आधीच निवाडा देऊन बसलेली असतात, हा दुसऱ्या पक्षाचा युक्तिवाद येथे पूर्णतः लागू पडतो. पण तेवढ्यावर थांबता येत नाही, कारण त्याच कागदांनी असे काही जपले आहे जे मराठी साधनांत मिळत नाही. शिवाजीमहाराजांच्या आरमाराच्या आरंभकाळी, १६५९च्या सुमारास, कल्याण-भिवंडीकडे रुई लैतांव व्हियेगस नावाचा पोर्तुगीज जहाजे बांधण्याच्या कामावर होता आणि त्याला तेथून काढून आणण्याचा पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी प्रयत्न केला, ही हकीकत प्रतिपक्षाच्या धास्तीने लिहून ठेवली. भीती ही मोठी नोंदणीकार असते. ज्याची भीती वाटते त्याचे बारीकसारीक लिहिले जाते. ज्याचा अभिमान वाटतो त्याचे बहुधा गायले जाते.

१६६७चा बारदेशवरील हल्ला हे याहून अवघड उदाहरण. कुडाळ प्रांत हातचा गेल्यावर लखम सावंत आणि इतर देसाई पोर्तुगीज हद्दीत बारदेशात आश्रयाला गेले होते आणि तेथून स्वराज्याच्या मुलखाला उपद्रव देत होते. नोव्हेंबर १६६७मध्ये शिवाजीमहाराजांच्या फौजा बारदेशात शिरल्या; डिसेंबरमध्ये तह झाला. या स्वारीचे कारण काय? त्या काळच्या इंग्रजी पत्रव्यवहारात धार्मिक कारण येते : परधर्मीयांना हद्दपार करण्याच्या विजरईच्या हुकमाचा हा सूड होता. पोर्तुगीज दप्तरातून पुढे येते ते देसायांच्या आश्रयाचे कारण. यांतले पहिले कारण मराठी मनाला अधिक भावणारे. दुसरे राजकीय, रुक्ष आणि आपल्याच मुलखातील वतनदारांना पेचात आणणारे.

दुसऱ्या पक्षाचा शिष्य म्हणेल : पोर्तुगीजांना आपला धार्मिक जुलूम झाकायचा होता, म्हणून त्यांचा कागद देसायांकडे बोट दाखवतो. ही शंका योग्य आहे. परंतु कागदांचेही प्रकार असतात. विजरईने राजाला लिहिलेले पत्र हे एका बाजूचे निवेदन असते. तहाचे कलम हे दोन्ही बाजूंनी मान्य करावे लागलेले वाक्य असते. देसायांनी उपद्रव देऊ नये ही बाब तहात येते तेव्हा ती केवळ पोर्तुगीजांची सबब राहत नाही. शिवाजीमहाराजांच्या बाजूची मागणीही तिच्यात बोलत असते. म्हणून पिसुर्लेकरांनी देसायांच्या प्रकरणाला जे मध्यवर्ती स्थान दिले, ते धन्याच्या सोयीसाठी दिले असे म्हणता येत नाही. तसेच धर्मन्यायालयाचा जुलूम त्यामुळे खोटा ठरत नाही. तो अन्य पुराव्यांनी सिद्ध आहे. एका स्वारीचे कारण राजकीय असणे आणि त्या राज्याची धर्मनीती जुलमी असणे, ही दोन सत्ये एकमेकांना खोडत नाहीत. ती एकत्र धरून ठेवण्याचा कंटाळा हाच इतिहासलेखनातील बऱ्याच असत्याचा उगम असतो.

५

येथवर पिसुर्लेकरांची बाजू भक्कम दिसते. आता तिच्यावरचा सर्वांत जड आक्षेप पाहिला पाहिजे.

१९५५ साली त्यांची अभिलेखागारांची मार्गदर्शिका बाहेर पडली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला सावंतवाडी-बांदा बाजूने गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पत्रादेवीच्या हद्दीत पोर्तुगीजांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे मेली. सालाझारच्या राजवटीला तेव्हा आपल्या चारशे वर्षांच्या ‘ऐतिहासिक’ अस्तित्वाचा डांगोरा पिटण्याची गरज होती. राज्यमंडळाच्या ठरावांचे देखणे खंड हे त्या अस्तित्वाचे पुरावेच होते. ज्या वेळी बांद्याच्या रस्त्यावरून जखमींना आणले जात होते, त्या वेळी पणजीत पिसुर्लेकर सतराव्या शतकातील मुद्रिते तपासत असणार, ही कल्पना अस्वस्थ करणारी आहे आणि ती तशीच राहू दिली पाहिजे.

इतरांनी दुसरे मार्ग निवडले होते. त्रिस्तांव ब्रागांस कुन्य यांनी १९४४मध्ये गोमंतकीयांच्या राष्ट्रीयत्वहरणावर पुस्तिका लिहिली; १९४६मध्ये त्यांच्यावर लष्करी खटला चालून त्यांना पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात डांबण्यात आले. डॉ. पुंडलिक गायतोंडे यांना १९५४मध्ये एका मेजवानीत निषेधाचे दोन शब्द उच्चारल्याबद्दल अटक होऊन पोर्तुगालला पाठवण्यात आले. बोलण्याची किंमत काय होती ते यावरून स्पष्ट होते. ती किंमत मोठी होती म्हणून न बोलणारा दोषी ठरत नाही. पण ती किंमत मोजणारेही होते, म्हणून न बोलणे अपरिहार्य होते असेही म्हणता येत नाही.

याच पिढीतील अनंत काकबा प्रियोळकर यांची तुलना अधिक उद्‌बोधक आहे, कारण तेही गोव्याचे, तेही संशोधक. प्रियोळकर मुंबईत मराठी संशोधन मंडळात होते, सालाझारच्या हाताबाहेर. गोव्याच्या धर्मन्यायालयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६१ साली, गोवामुक्तीच्या वर्षी, प्रसिद्ध झाला. धर्मन्यायालयाची मूळ कागदपत्रे एकोणिसाव्या शतकातच बहुतांशी नाहीशी झाल्याने प्रियोळकरांना प्रवाशांची वर्णने, विशेषतः फ्रेंच वैद्य देलों याची १६८७ साली छापली गेलेली हकीकत, आणि छापील पोर्तुगीज साधने यांच्या आधारे चित्र उभे करावे लागले. त्यांच्याकडे स्वातंत्र्य होते, दप्तर नव्हते. पिसुर्लेकरांकडे दप्तर होते, स्वातंत्र्य नव्हते. या दोन अपूर्णतांपैकी कोणती अधिक नैतिक, असे विचारणे म्हणजे हवामानाला चारित्र्य चिकटवणे होय. परंतु दोघांच्या लेखनाचे पुढे जे झाले ते मात्र सारखेच झाले : दोघांचीही पुस्तके त्यांच्या हेतूपलीकडे वापरली गेली. लास कासास या स्पॅनिश धर्मोपदेशकाने १५५२ साली अमेरिकेतील आदिवासींवरील अत्याचारांची जी हकीकत छापली, ती स्पेनच्या राजाने सुधारावे म्हणून. पुढे डच आणि इंग्रजांनी तीच स्पेनविरुद्ध प्रचाराला वापरली आणि स्वतःची साम्राज्ये उभारताना तिची नैतिक शिदोरी केली. सत्य एकदा प्रसिद्ध झाले की त्यावर लेखकाचा ताबा राहत नाही. पण म्हणून ते प्रसिद्ध करू नये असा निष्कर्ष निघत नाही.

पिसुर्लेकरांच्या बाजूने असा बचाव केला जातो, की त्यांनी छापलेल्या कागदांनीच पुढच्या प्रत्येक वसाहतविरोधी अभ्यासाला पाया दिला. हे खरे आहे. तेओतोनियो द सौझा यांच्या १९७९मधील मध्ययुगीन गोव्याच्या सामाजिक-आर्थिक इतिहासापासून मराठा आरमारावरील लेखनापर्यंत कोणालाही त्या पाच खंडांना वळसा घालता येत नाही. तथापि हा बचाव पूर्ण नाही. पुढे उपयोग झाला एवढ्याने मागचे मौन फिटत नाही. तसे मानले तर प्रत्येक मौनाला भविष्यात कोठेतरी एक सोयीस्कर हिशेब सापडेल. इतिहासकाराची देणी तीन ठिकाणी असतात : पुराव्याशी, मृतांशी आणि समकालीनांशी. पिसुर्लेकरांनी पहिले देणे काटेकोरपणे चुकवले. दुसरे मोठ्या प्रमाणात चुकवले. दुभाषे, वकील, देसाई अशी कित्येक विस्मृत माणसे त्यांनी नावानिशी परत आणली. तिसरे देणे बाकी राहिले. पहिल्या दोन खात्यांतील जमा तिसऱ्या खात्यात वळती करता येत नाही. त्याचबरोबर तिसऱ्या खात्यावरील बाकीपायी पहिली दोन खाती जप्त करण्याचा अधिकारही कोणाला नाही; विशेषतः त्यांची मार्गदर्शिका हाती घेऊन दप्तरखान्याची पायरी चढणाऱ्याला तर नाहीच. त्यानेही ते मीठ खाल्लेले असते.

वि. का. राजवाडे यांचे उदाहरण यावर उत्तर म्हणून पुढे केले जाते. सरकारी आश्रय झुगारून, घरोघरचे माळे धुंडाळून त्यांनी १८९८पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड काढले. पण राजवाड्यांना फिरायला मुलूख होता आणि दप्तरे खाजगी घरांत होती. जे दप्तर शत्रूच्या कोठारात आहे ते मिळवायचे तर कोणीतरी कोठारात नोकरी धरणे भाग होते. वैराग्य हे संशोधनाचे एक साधन आहे; एकमेव नव्हे.

६

या प्रश्नाची शेवटची बाजू भाषेची आहे. स्पॅनिश वसाहतसमाजाच्या इतिहासलेखनात जेम्स लॉकहार्ट (१९३३-२०१४) यांची कारकीर्द या संदर्भात पाहण्यासारखी आहे. १९६८मध्ये त्यांनी स्पॅनिश पेरूवरील ग्रंथ प्रसिद्ध केला तोच विजरईंच्या पत्रांऐवजी नोटरीच्या किरकोळ कागदांवर, म्हणजे खरेदीखते, करारमदार, मृत्युपत्रे यांवर उभा होता. नंतर ते मेक्सिकोकडे वळले आणि नाहुआ लोकांनी स्वतःच्या नाहुआत्ल भाषेत, पण रोमन अक्षरांत, लिहिलेले गावगाड्याचे कागद वाचू लागले. १९९२मधील त्यांच्या मोठ्या ग्रंथाने दाखवले ते असे, की जितांचा समाज स्पॅनिश कागदांत जितका पराभूत दिसतो तितका स्वतःच्या कागदांत दिसत नाही. तेथे तो आपली देणीघेणी, भांडणे आणि मानपान स्वतःच्या कोटींत सांगत असतो. एका माणसाच्या कारकिर्दीत हे स्थलांतर घडले : सत्तेच्या भाषेपासून प्रजेच्या भाषेपर्यंत.

पिसुर्लेकरांचा प्रवास वेगळ्या दिशेने झाला. मराठीत शिकलेला हा माणूस पोर्तुगीजमध्ये लिहिता झाला आणि त्याचा प्रमुख ग्रंथ मराठीत आला तो मृत्यूच्या दोन वर्षे आधी. लॉकहार्ट यांना परभाषेतून आत शिरावे लागले. पिसुर्लेकरांना आतून परभाषेत जावे लागले. हे जाणे म्हणजे पतन असे समजण्याचे कारण नाही. ज्या भाषेत राज्याने आपली गुपिते लिहिली तीच भाषा बोलून त्यांनी ती गुपिते फोडली. पण त्याची किंमत मालवण-सावंतवाडीच्या वाचकाने दिली. आपल्या किनाऱ्याचा इतिहास त्याला दीर्घकाळ परभाषेच्या पडद्याआड राहिला.

एक उणीव मात्र पिसुर्लेकर आणि त्यांचे टीकाकार या दोघांनाही समान आहे. पोर्तुगीज ठरावांत विजरई बोलतो, तहात राजा बोलतो, मोडी पत्रांत देसाई आणि शेणवी बोलतात. ज्यांनी ही गलबते वल्हवली ते गाबीत, भंडारी, खारवी कोठेही स्वतःच्या तोंडाने बोलत नाहीत. ते येतात ते आकड्यांत : पकडलेली गलबते इतकी, बंदिवान इतके. धन्याचे मीठ खाणाऱ्या दुभाष्याला निदान जीभ होती. मिठाच्या पाण्यात जन्म काढणाऱ्याला कागदच मिळाला नाही. परक्या सत्तेचे दप्तर की स्वकीयांचे दप्तर, हा वाद या माणसाच्या दृष्टीने दोन धन्यांमधला आहे. त्याचा इतिहास लिहायचा तर दोन्ही दप्तरे एकमेकांविरुद्ध वाचावी लागतील, आणि आकड्याला नाव देण्याचा मोह टाळून आकडा कोणी, कशासाठी मोजला हे विचारावे लागेल.

१९६१नंतर ते दप्तर परक्या सत्तेचे राहिले नाही. त्यामुळे मिठाचा प्रश्न मिटला, असे वाटणे साहजिक आहे. वस्तुतः तो अधिक नाजूक झाला. परक्या राजवटीत खोटे बोलण्याचा दबाव वरून येतो आणि तो ओळखू येतो. स्वकीयांत तो प्रेमाच्या रूपाने, अभिमानाच्या रूपाने, आपल्याच वाचकांच्या अपेक्षेच्या रूपाने येतो. बारदेशच्या स्वारीचे कारण देसायांचा आश्रय हे होते, असे लिहिण्यासाठी पिसुर्लेकरांना पोर्तुगीजांची भीती बाळगण्याचे कारण नव्हते. ते वाक्य पोर्तुगीजांना गैरसोयीचे नव्हते. ते गैरसोयीचे होते आपल्यालाच. आज तेच वाक्य लिहिणाऱ्याला ज्याच्या नाराजीची धास्ती वाटेल तो धनी कोणत्याही खजिन्यातून पगार देत नाही. तो टाळ्या देतो. पगार घेऊन खरे लिहिता येते, याची साक्ष पिसुर्लेकरांच्या पाच खंडांत आहे. टाळ्या घेऊन ते कितपत जमते, याचा हिशेब अजून व्हायचा आहे.